वेगाकडून श्वासाकडे : यूजीन हूड्री

आपल्या नियतकालिकाचे जुने अंक चाळले म्हणजे चरित्रलेखांची एक ठरलेली पंगत दिसते. आधी समाजसुधारक, मग स्वातंत्र्यसेनानी, मग एखादे संतकवी, आणि शास्त्रज्ञांपैकी कोणी असलेच तर मेरी क्यूरी किंवा जगदीशचंद्र बोस. ही पंगत योग्यच आहे. त्या थोरांविषयी कितीही लिहिले तरी थोडेच. परंतु या पंगतीत ज्यांचे पान आजवर कधी मांडले गेले नाही अशा एका माणसाची ओळख यंदा करून द्यावी असे मनात आले. तेलशुद्धीच्या आणि मोटारींच्या धंद्यात त्यांचे नाव सर्वश्रुत आहे. आपल्या कला शाखेच्या व्हरांड्यात मात्र ते कोणी उच्चारल्याचे मी ऐकलेले नाही. त्यांचे नाव यूजीन हूड्री.

मी इतिहासाचा विद्यार्थी. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. मग हा माणूस मला भेटला कुठे, असे कोणी विचारील. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या मामांचे मोटार दुरुस्तीचे गॅरेज आहे. सकाळची लेक्चर्स आटोपली की मी तेथे जातो, पाने उचलून देतो, वहीत हिशेब लिहितो. गाडीच्या पोटाखाली, सायलेन्सरच्या अलीकडे एक डब्यासारखा भाग असतो. गॅरेजमध्ये त्याला नुसते 'कॅट' म्हणतात, पूर्ण नाव कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. इंजिनातून निघालेला विषारी धूर त्या डब्यातून जाताना बऱ्याच अंशी निर्विष होतो. हा डबा प्रथम कोणी केला या साध्या कुतूहलातून मी शोध घेऊ लागलो आणि एक सबंध आयुष्य माझ्या हाती लागले. ते जसे समजले तसे येथे मांडतो.

यूजीन हूड्री यांचा जन्म १८ एप्रिल १८९२ रोजी फ्रान्समध्ये, पॅरिसजवळच्या दोमों या गावी झाला. वडिलांचा इमारती पोलादाचा कारखाना होता. घरात लक्ष्मी नांदत होती आणि मुलाने पुढे हाच धंदा चालवायचा हे जवळजवळ ठरलेले होते. त्यासाठी त्याला यंत्रविद्येच्या एका नामांकित संस्थेत घातले. त्या संस्थेच्या फ्रेंच नावाचा अर्थ 'कला आणि हुन्नर' असा होतो. आपण कला शाखेच्या मंडळींनी हे नाव ध्यानात ठेवावे. कारण तेथे कला आणि हुन्नर यांच्यामध्ये भिंत नाही. १९११ साली हूड्री त्या संस्थेतून पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले आणि सरकारी सुवर्णपदक त्यांनी मिळवले. पुस्तकी किडा मात्र ते नव्हते. संस्थेच्या फुटबॉल संघाचे ते कर्णधार होते आणि त्या संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले होते.

वडिलांच्या कारखान्यात जेमतेम स्थिरस्थावर होतात तोच १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. फ्रान्सने रणगाडे बनवले तेव्हा ते चालवणाऱ्या नव्या दलात हूड्री लेफ्टनंट होते. एप्रिल १९१७ मध्ये जुव्हँकूरच्या परिसरात फ्रेंच रणगाड्यांची पहिली मोठी लढाई झाली. त्या काळचे रणगाडे म्हणजे पत्र्याच्या पेटीत बसवलेले धापा टाकणारे इंजिन. ते चिखलात रुतत, मध्येच बंद पडत, आणि बंद पडला की शत्रूच्या तोफांना आयते लक्ष्य मिळे. अशा भडिमारात हूड्री यांनी बंद पडलेले रणगाडे जागच्या जागी दुरुस्त करण्याची व्यवस्था लावली. त्यात ते स्वतः गंभीर जखमी झाले. या कामगिरीबद्दल त्यांना फ्रान्सचे युद्धपदक मिळाले आणि 'लेजिओं द ऑनर' हा मोठा सन्मानही लाभला. शौर्य म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर उगारलेली तलवार येते. हातात पाना घेऊनही शौर्य गाजवता येते, हे मला या प्रसंगातून उमगले.

युद्ध संपल्यावर ते पुन्हा पोलादाच्या धंद्यात आले खरे, पण मन रमेना. त्यांना मोटारींच्या शर्यतींचे वेड लागले होते. अमेरिकेला जाऊन त्यांनी फोर्डचा कारखाना पाहिला, इंडियानापोलिसची प्रसिद्ध शर्यत पाहिली. वेगवान गाड्यांच्या इंजिनांचा अभ्यास करता करता त्यांच्या ध्यानात आले की अडचण पोलादाची नसून पेट्रोलची आहे.

हा मुद्दा थोडा समजावून सांगायला हवा. इंजिनाच्या नळकांड्यात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण आधी दाबले जाते आणि मग ठिणगी टाकून पेटवले जाते. जितके जास्त दाबावे तितकी ताकद जास्त. परंतु पेट्रोल हलक्या प्रतीचे असेल तर जास्त दाबामुळे मिश्रणाचा काही भाग आपला आपणच भडकतो. मग इंजिनातून खडखड असा ठोक्यांचा आवाज येतो, ताकद घटते आणि अखेर पिस्टन फुटतात. ठोके न देता दाब सोसण्याची पेट्रोलची जी क्षमता, तिला ऑक्टेनच्या आकड्याने मोजतात. म्हणजे वेगाची किल्ली पेट्रोलपाशी होती. अमेरिकेत टॉमस मिजली यांनी १९२१ साली या दुखण्यावर एक झटपट औषध शोधून काढले. पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग चिमूटभर मिसळायचे की ठोके बंद. औषध स्वस्त आणि गुणकारी होते, पण शिसे हे विष. ते धुराबरोबर रस्त्यावर आणि माणसांच्या रक्तात उतरत राहिले. हे शिसे पुढे आपल्या कथेत पुन्हा येणार आहे.

हूड्री यांनी वेगळी वाट धरली. पेट्रोलमध्ये वरून काही मिसळण्यापेक्षा मुळात पेट्रोलच उत्तम प्रतीचे का बनवू नये, असा त्यांचा विचार. शिवाय त्यांच्या देशाची एक व्यथा होती. फ्रान्सच्या भूमीत खनिज तेल जवळजवळ नाही, आणि तेलावाचून आधुनिक देश पांगळा होतो हे महायुद्धाने शिकवले होते. १९२२ च्या सुमारास नीस शहरातील प्रूदोम नावाचा एक रसायनतज्ज्ञ लिग्नाइट या हलक्या कोळशापासून चांगले पेट्रोल बनवतो असे त्यांच्या कानावर आले. हूड्री त्याला भेटले, त्याला पॅरिसजवळ बोशां येथे प्रयोगशाळा उभारून दिली आणि स्वतःही त्या कामात बुडून गेले. स्वतःचा पैसा त्यांनी पाण्यासारखा ओतला. सरकारच्या मदतीने दिवसाला ६० टन लिग्नाइट पचवणारा कारखाना उभा राहिला. पेट्रोल निघाले, पण ते परवडेना. १९२९ साली कारखाना बंद झाला. सात वर्षांची खटपट मातीमोल झाली असेच कोणालाही वाटले असते.

पण त्याच वर्षांत हूड्री यांचे लक्ष कोळशावरून जड खनिज तेलाकडे वळले होते. विहिरीतून येणाऱ्या तेलातून पेट्रोल, रॉकेल काढून घेतल्यावर जो दाट, काळा गाळ उरतो त्याचे रेणू लांबलचक असतात. ते तोडले तर त्यांतून पेट्रोल मिळते. तेव्हाच्या कारखान्यांत ही तोडणी नुसत्या उष्णतेने आणि दाबाने करत, म्हणजे धोंड्याने नारळ फोडावा तशी. हूड्री यांना ती उत्प्रेरकाच्या साहाय्याने करायची होती. उत्प्रेरक म्हणजे काय, हे आपल्याकडच्या लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थावरून चटकन कळेल. दोन्ही घरांत ऊठबस करून तो सोयरीक जमवतो, पण स्वतः बोहल्यावर चढत नाही. एक लग्न उरकले की दुसऱ्या स्थळाच्या मागे लागतो. उत्प्रेरक तसाच. रासायनिक क्रिया तो सुकर करतो आणि स्वतः खर्ची पडत नाही.

हूड्री यांनी शेकडो पदार्थ तपासून पाहिले. शेवटी सिलिका आणि ॲल्युमिना असलेली एक प्रकारची माती उपयोगी ठरली. आश्चर्य असे की मातीचा हा गुण अगदीच अज्ञात नव्हता. अडचण वेगळीच होती. थोड्याच मिनिटांत त्या मातीवर कार्बनची काजळी बसे आणि ती निकामी होई. इतरांनी येथे हात टेकले होते. हूड्री यांनी मात्र काजळी धरलेली माती टाकून न देता तिच्यावरून गरम हवा सोडली आणि काजळी जाळून टाकली. माती पुन्हा कामाला लागली. मग एक पात्र तेल तोडत असताना दुसरे काजळी जाळते आहे अशी पाळी त्यांनी लावली, आणि काम अखंड चालू राहिले. काजळी जळताना निघणारी उष्णताही त्यांनी वाया जाऊ दिली नाही. पुढच्या तोडणीसाठी ती वापरली. आपल्या घरी आजी चुलीतल्या निखाऱ्यांवर आंघोळीचे पाणी ठेवून देते, त्याच काटकसरीचे हे थोर रूप. १९२७ साली ही पद्धत हाती आली. तयार झालेल्या पेट्रोलची परीक्षा त्यांनी आपल्या बुगाटी गाडीत ते घालून, रस्त्यावर गाडी पळवून घेतली.

फ्रान्समध्ये या शोधाला कोणी वाली मिळेना. १९३० साली अमेरिकेतील व्हॅक्युम ऑइल कंपनीने त्यांना बोलावून घेतले आणि न्यू जर्सीतील पॉल्सबरो येथे प्रयोग यशस्वी झाला. १९३१ मध्ये त्यांच्या नावाची कंपनी निघाली. परंतु तो जागतिक मंदीचा काळ होता. प्रयोग लांबत गेले, पैसा आटला, आणि भागीदारांनी त्यांना दुसरा आधार शोधण्याची मुभा दिली. तो आधार फिलाडेल्फियाच्या सन ऑइल कंपनीच्या रूपाने मिळाला. १९३६ साली पॉल्सबरोला पहिला व्यापारी संच सुरू झाला, आणि १९३७ साली पेनसिल्व्हेनियातील मार्कस हुक येथे दिवसाला १२,००० पिंपे तेल पचवणारा भव्य कारखाना उभा राहिला. जुन्या पद्धतीने जेथे तेलाच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतके पेट्रोल निघे, तेथे आता जवळजवळ निम्मे निघू लागले, आणि तेही अधिक ऑक्टेनचे. लिग्नाइटचा कारखाना बुडाल्यापासून येथवर यायला आठ वर्षे लागली होती.

मार्कस हुकच्या कारखान्यातील एका यंत्राविषयी लिहिल्यावाचून मला पुढे जाववत नाही. काजळी जाळण्यासाठी दाबाखालची भरपूर हवा लागे. ती हवा पुरवणारा पंखा फिरवण्यासाठी वेगळी शक्ती खर्च करण्याऐवजी, काजळी जळून निघालेल्या गरम वायूंवरच एक टर्बाइन चालवण्यात आले. स्वित्झर्लंडच्या ब्राउन बोव्हेरी कंपनीने ते यंत्र बनवले होते. गॅस टर्बाइनच्या इतिहासात कारखान्यातल्या पहिल्या यशस्वी वापरांपैकी एक म्हणून त्याची नोंद होते. आता जरा मोटारीच्या टर्बोकडे पाहा. तेथेही इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक चाक फिरवतो, आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चाक इंजिनात जास्तीची हवा कोंबते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी ही कल्पना १९०५ साली नोंदवली होती. टाकून द्यायच्या धुराला जुंपून कामाला लावण्याची ही युक्ती मार्कस हुकच्या कारखान्यात आणि आज रस्त्यावर धावणाऱ्या टर्बो गाडीत एकच आहे. माझ्या मामांना मी हे सांगितले तेव्हा हातातला पाना खाली ठेवून ते बराच वेळ ऐकत राहिले.

आता आपल्या, म्हणजे इतिहासाच्या विद्यार्थ्यांच्या, अंगणातली गोष्ट. जून १९४० मध्ये फ्रान्स जर्मनीपुढे शरण गेला. मार्शल पेतां यांचे सरकार व्हिशी या गावी बसून जर्मनांच्या कलाने कारभार करू लागले. हूड्री तेव्हा अमेरिकेत सुखात होते. पैसा होता, कीर्ती होती. गप्प बसले असते तर कोणी बोट दाखवले नसते. परंतु त्यांनी जनरल द गॉल यांची बाजू घेतली आणि अमेरिकेत द गॉल यांच्या समर्थकांची 'फ्रान्स फॉरएव्हर' ही संघटना उभी राहिली तिचे अध्यक्षपद स्वीकारले. परिणाम व्हायचा तो झाला. १९४१ मध्ये व्हिशी सरकारने त्यांचे फ्रेंच नागरिकत्व काढून घेतले. ज्या देशासाठी १९१७ साली रक्त सांडले, त्याच देशाच्या सरकारी कागदांवर ते आता परके ठरले. जानेवारी १९४२ मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले. त्यांचे दोन्ही मुलगे त्या युद्धात अमेरिकन सैन्यात होते.

त्यांचे पेट्रोलही युद्धावर गेले होते. १०० ऑक्टेनच्या पेट्रोलमुळे लढाऊ विमानांच्या इंजिनांत जास्त दाबाने हवा कोंबता येऊ लागली, आणि १९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटनच्या आकाशात झालेल्या लढाईत अशा पेट्रोलचा उपयोग ब्रिटिश वैमानिकांना झाला. अमेरिका युद्धात उतरल्यावर पहिल्या दोन वर्षांत उत्प्रेरकी पद्धतीने बनलेल्या विमान-पेट्रोलपैकी ९० टक्के हूड्री यांच्या संचांतून आले होते. कृत्रिम रबरासाठी लागणारे ब्युटाडाइन बनवण्याची एक पद्धतही त्यांनी याच काळात दिली. १९४२ पासून दुसऱ्या कंपन्यांच्या सुधारलेल्या पद्धती पुढे आल्या आणि हूड्री यांचे संच हळूहळू मागे पडले. परंतु रस्ता त्यांनी घालून दिला होता.

येथवरची कथा एका यशस्वी अभियंत्याची आहे. असे अभियंते इतरही झाले. मला हूड्री थोर वाटतात ते यापुढच्या बारा वर्षांसाठी.

वयाची अठ्ठावन्न वर्षे झाली होती. आपल्याकडे हे निवृत्तीचे वय. त्या वेळी लॉस अँजेलिस शहरावर वारंवार एक पिवळट, डोळे झोंबवणारे धुके दाटत होते. पुढे शास्त्रज्ञ हाखेन-स्मित यांनी दाखवून दिले की मोटारींच्या धुरातील न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची संयुगे यांच्यावर ऊन पडले की हे झोंबरे धुके तयार होते. हूड्री यांना या धुराची काळजी लागली. विशेषतः फुप्फुसाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध असावा असे त्यांच्या मनाने घेतले. येथे क्षणभर थांबून विचार करावा. ज्या माणसाने आयुष्यभर पेट्रोल अधिक आणि उत्तम निघावे म्हणून जिवाचे रान केले, ज्याच्या यशामुळे रस्त्यावर मोटारी वाढायला हातभार लागला, तोच आता मोटारीच्या मागच्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि तिच्यातून काय बाहेर पडते ते पाहू लागला. कोणी त्यांना जाब विचारला नव्हता. कायदा नव्हता. त्यांनी स्वतःहून 'ऑक्सी-कॅटॅलिस्ट' नावाची कंपनी काढली आणि उत्प्रेरकाच्या विद्येला धुराच्या कामाला जुंपले.

कल्पना त्यांच्या जुन्या शोधाचीच बहीण होती. पूर्वी मातीवरची काजळी हवेने जाळली, आता धुरातले अर्धवट जळलेले वायू उत्प्रेरकावर हवेच्या साहाय्याने पूर्ण जाळायचे. चिनी मातीच्या कांड्या, त्यांवर ॲल्युमिनाचा पातळ थर आणि त्यात प्लॅटिनमचा अंश, अशी त्यांची रचना होती. गरम धूर त्यांवरून गेला की विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डाय-ऑक्साइड होई आणि उरलेल्या इंधनाची वाफ व कार्बन डाय-ऑक्साइड होई. १९५६ साली या रचनेचे पेटंट त्यांना मिळाले. कारखान्यांची धुराडी आणि गोदामांत माल उचलणाऱ्या गाड्या यांना त्यांचे कन्व्हर्टर बसू लागले.

पण रस्त्यावरच्या मोटारींना ते बसेनात, कारण आडवे आले ते शिसे. धुराबरोबर येणारे शिसे प्लॅटिनमवर थर धरून बसे आणि उत्प्रेरक मरून जाई. काजळी जाळता येते, शिसे जाळता येत नाही. तेलाच्या धंद्यात शिशावर फार पैसा गुंतला होता, आणि ते सोडायला कोणी राजी नव्हते. हूड्री यांच्या हयातीत हा तिढा सुटला नाही. १९५९ साली रसायन-उद्योगातील मानाचे पर्किन पदक त्यांना मिळाले. १८ जुलै १९६२ रोजी पेनसिल्व्हेनियातील अपर डार्बी येथे, वयाच्या सत्तराव्या वर्षी, ते निवर्तले. तोवर त्यांच्या नावावर शंभराच्या आसपास पेटंटे होती. शेवटच्या कामाची सफलता मात्र त्यांनी पाहिली नाही.

ती नंतर आली. १९७० साली अमेरिकेत स्वच्छ हवेचा कडक कायदा झाला. तो पाळायचा तर कन्व्हर्टर हवा, आणि कन्व्हर्टर हवा तर पेट्रोलमधले शिसे गेले पाहिजे, असे गणित सरळ झाले. १९७५ च्या नव्या गाड्यांना तेथे कन्व्हर्टर बसू लागले. कांड्यांच्या जागी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची चिनी माती आली, आणि नायट्रोजनच्या संयुगांनाही निर्विष करणारा तिहेरी कन्व्हर्टर काही वर्षांतच निघाला. आपल्या देशात १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच मिळू लागले. मोटारींसाठी शिशाचे पेट्रोल विकणारा जगातला शेवटचा देश अल्जीरिया. तेथेही २०२१ साली ते थांबले. म्हणजे मिजली यांच्या औषधाचे विष उतरायला जगाला शंभर वर्षे लागली.

आता हे सारे मी आपल्या नियतकालिकात कशासाठी लिहितो ते सांगतो. मामांच्या गॅरेजमध्ये महिन्या-दोन महिन्यांतून एखादा तरुण टर्बो गाडी घेऊन येतो. गाडीची ताकद त्याने आधीच वाढवून घेतलेली असते. टर्बो मोठा बसवला, संगणकाचे गणित बदलले. आता त्याला कॅट काढून तेथे नुसता पाइप जोडून हवा असतो. त्याच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे हेही मान्य केले पाहिजे. ताकद वाढली की धूर वाढतो, आणि टर्बोच्या लगेच पुढे बसवलेला मूळचा कॅट त्या वाढीव धुराला अरुंद पडतो. पाठीमागून दाब तुंबला की टर्बोचे चाक मोकळे फिरत नाही.

परंतु घसा दुखतो म्हणून कोणी घसाच कापून काढत नाही. मामा अशा मुलाला गाडीखाली घेऊन जातात आणि समजावतात. एक चौरस इंचात ४०० छिद्रे असलेल्या मूळच्या कॅटऐवजी २०० छिद्रांचा, रुंद तोंडाचा, धातूच्या पातळ पत्र्याचा कॅट बसवता येतो. त्यातून धूर मोकळा जातो आणि साफही होतो. फक्त त्यावर मौल्यवान धातूंचा थर पुरेसा हवा, नाहीतर तो नावाचाच कॅट. त्याआधी इंजिन ठीकठाक हवे. मिश्रणात पेट्रोल फार झाले किंवा ठिणगी चुकू लागली, तर न जळलेले इंधन कॅटमध्ये जाऊन पेटते आणि आतले पोळे वितळून जाते. इंजिन ऑइल पीत असेल तर त्यातल्या फॉस्फरसने कॅट हळूहळू मरतो. शिवाय थंड गाडीत कॅट काम करत नाही. अडीचशे-तीनशे अंश सेल्सियस तापल्यावर तो जागा होतो, म्हणून टर्बोपासून तो फार लांब नेणेही बरे नव्हे. आणि मोटार वाहन कायदा, १९८८ यातील कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, हे ते आवर्जून सांगतात.

काही मुले ऐकतात. काही गाडी काढून दुसरीकडे जातात आणि तासाभरात पाइप जोडून घेतात. मामांचे काम त्या दिवशी बुडते. त्या रात्री मामी हिशेबाची वही पाहतात आणि काही बोलत नाहीत. मागच्या पावसाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये, दारे अर्धी लोटलेली असताना, अशी एक पाइप जोडलेली गाडी तपासणीसाठी काही मिनिटे चालू होती. आमचा एक वयस्कर फिटर डोके धरून बाहेर येऊन बसला. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. तो रक्तातल्या प्राणवायूची जागा बळकावतो. तेव्हापासून आमच्या शेडमध्ये दारे सताड उघडी असतात, पाऊस आत आला तरी.

हा प्रश्न मोटारवेड्यांपुरता नाही. आपल्या महाविद्यालयाच्या फाटकापाशी रोज सकाळी शेकडो वाहने उभी असतात आणि तेथेच पाचवी-सहावीतली मुले शाळेच्या रिक्षांची वाट पाहतात. मोटारीचा धूर मुलांच्या अगदी जवळ सुटतो. ताकदीचे सुख गाडीत बसलेल्याला आणि धूर रस्त्यावर उभ्या असलेल्याला, अशी वाटणी होत असेल तर ती अन्यायाची आहे. तिला नुसता तांत्रिक प्रश्न म्हणता येत नाही. तो नीतीचा प्रश्न आहे, आणि म्हणून आपल्या शाखेचाही आहे.

वेगाचे वेड वाईट असे मला मुळीच म्हणायचे नाही. हूड्री स्वतः वेगवेडे होते. त्यांना बुगाटी प्रिय होती, शर्यती प्रिय होत्या. टर्बो गाडीला लागते तसले दमदार पेट्रोल घडवण्यात त्यांचा वाटा आहे आणि तिच्या धुराला माणसाळवणाऱ्या डब्यातही आहे. गाडीच्या दोन्ही टोकांशी त्यांचा हात पोचलेला आहे. एका टोकाचे काम त्यांनी तरुणपणी उत्साहाने केले, दुसऱ्या टोकाचे उतारवयात, कोणी न सांगता, केवळ आपल्या कामाचे पुढे काय होते ते पाहिले पाहिजे म्हणून केले. त्या दुसऱ्या कामातून त्यांना मोठा नफा झाला नाही आणि त्याचे यशही त्यांच्या डोळ्यांदेखत आले नाही.

१९९० साली अमेरिकेच्या संशोधकांच्या राष्ट्रीय कीर्तिमंदिरात त्यांचे नाव कोरले गेले, आणि १९९६ साली मार्कस हुकचा तो कारखाना रसायनशास्त्राच्या इतिहासातील महत्त्वाचे स्थळ म्हणून घोषित झाला. हे सन्मान मोठेच आहेत. तरी मला वाटते की त्यांचे खरे स्मारक आपल्याकडे जागोजागी, जमिनीपासून वीतभर उंचीवर, चिखल आणि धूळ खात फिरते आहे. रस्त्याने जाताना एखादी मोटार जवळून गेली आणि डोळे झोंबले नाहीत, तर त्यात या फ्रेंच माणसाचा थोडा वाटा आहे, एवढे माझ्या वाचकमित्रांनी लक्षात ठेवले तरी या लेखाचे चीज झाले असे मी समजेन.